भांडी घासताना ऐकायची गाणी

काल्यू, तुला आकडे हवे होते,
तर आधी आकडे.
सोमवारी एकोणीस जण.
मंगळवारीही एकोणीस, त्यातला एक तू.
(लाजू नकोस, मला दिसतं ते.
पैप्सी तलावाच्या काठचा तो ठिपका
रात्री अकराला, शाळेची बस लावून झाल्यावर,
नकाशावर एकटाच लुकलुकतो.)

तू म्हणायचास, गाणं चांगलं असलं की लोक येतात.
येतात रे. पण वाटेत त्यांना
पियानोवर बसलेलं मांजर भेटतं,
बर्फात उघडा नाचणारा कुणी भेटतो,
आणि तीन सेकंदांत अंगठा
पुढच्या दाराशी जाऊन उभा.
तुझ्या गाण्यात पहिली बावीस सेकंदं
नुसती खुर्चीची कुरकुर.
मी विचारलं होतं, कापू?
तू म्हणालास, भाऊ त्याच खुर्चीवर बसायचा,
होडी घेऊन गेला त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत.
मग मी कात्री ठेवून दिली.

माझं काम तसं पंगत वाढण्याचं.
कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं,
तिखट ढोलानंतर ताकासारखं काय द्यायचं,
रुसून उठू पाहणाऱ्याला कुठल्या सुरावर थोपवायचं.
तुला मी सगळीकडे बसवून पाहिलं.
पहाटेच्या यादीत. पावसाच्या. एकट्या माणसांच्या.
तुझ्या चेहऱ्याचे चौकोन केले,
पावणेआठला टाकले, तार्तूत लोक बसची वाट बघतात तेव्हा,
रीगाच्या एका पोराला दोन कॉफ्या पाजून
त्याच्या पानावर तुझं नाव लिहून घेतलं.
तुझ्या कान्नेलची तुटकी तार लोकांना फार आवडली.
बदाम चाळीस,
कान शून्य.

फेब्रुवारीत मला ताप होता.
तुला टाकायचं होतं शोकगीतांत,
बोट घसरलं
आणि तू जाऊन पडलास
‘भांडी घासताना ऐकायची गाणी’मध्ये,
फिनलंडचं एक जुनं डिस्को
आणि गाजरांवरचं एक चावट गाणं, यांच्या मधोमध.
तीन दिवसांनी लक्षात आलं.
कपाळावर हात मारला, काढायला गेले,
तर आकडा चार हजार सहाशे.

मला वाटलं यंत्र बिघडलं.
मग त्या रात्री तेच गाणं लावून
स्वतःची सिंकभर भांडी काढली
आणि कळलं.
ओल्या हातांनी अंगठा चालत नाही, काल्यू.
कोपरापर्यंत फेस,
फोन खिडकीत, पिठाच्या डब्याला टेकवलेला,
आणि खुर्ची कुरकुरतेय.
पुढे ढकलता येत नाही.
ऐकावीच लागते.
दहाव्या सेकंदाला वाटतं, कुणीतरी मागे येऊन बसलं.
विसाव्याला मी वळून पाहिलं.
मग तुझी पहिली तार,
आणि हातातली कढई तशीच राहिली
पाण्याखाली, किती वेळ कोण जाणे.

पंधरवडाभर मी रोज तेवढीच एक चूक जपली,
इकडचं तिकडे केलं नाही.
आता एकसष्ट हजार.
हेलसिंकीचे लोक म्हणतात, ठेका घालू, खुर्ची काढू.
तालिनची एक साबणाची कंपनी
खुर्चीसकट घ्यायला तयार आहे,
फक्त शेवटी त्यांची बाटली दिसेल.
रक्कम खाली लिहिली आहे. वाचून लगेच बसशील
म्हणून सांगते, आधीच बसून वाच.
मी यावर काही बोलणार नाही.
माझा पंधरा टक्के वाटा आहे, माझं तोंड बांधलेलं.

एवढंच की आज एक निरोप आला,
नार्वाच्या इस्पितळातून, तळघरातल्या स्वयंपाकघरातून.
झिनाइदा नाव. रात्रपाळीला तीनशे ताटं.
लिहिते: मला तुमची भाषा अर्धीच कळते,
गाण्याचं जाऊ दे,
सुरुवातीला बसतो तो माणूस
शेवटी उठल्याचा आवाज का येत नाही?
आम्ही चौघीजणी नळ बंद करून ऐकलं, दोनदा.
त्या खुर्चीवरचं दुसरं काही असेल तर कळवा.

मी लिहिलंय,
विचारून सांगते.