सामाईक भिंत

पाचव्या मजल्यावरचा वर्ग. वर फक्त स्लॅब,
आणि स्लॅबवर माटुंग्याचं ऑक्टोबरमधलं ऊन.
पंख्याचं एक पातं वाकडं.
समोर चौदा जण, इमारतींचे डॉक्टर व्हायला आलेले,
गणिताशी बारावीपासून अबोला.

पहिल्या वर्षी मी फळ्यावर एप्सिलॉन लिहून सुरुवात केली होती.
त्या वर्षाबद्दल मी बोलत नाही.

यंदा म्हटलं, वह्या मिटा,
पश्चिमेच्या भिंतीला तळवा लावा.
कोमट आहे, ग्लेन डाबरे म्हणाला.
सात वाजता पुन्हा लाव. ऊन गेलेलं असेल
आणि भिंत तापलेली.
मधे हा जो उशीर होतो ना,
त्याचं गणित करायचंय आपल्याला.

तबस्सुम मुकादमने रविवारी
कुर्ल्याच्या घरात पत्र्याखाली थर्मामीटर टांगला.
दर अर्ध्या तासाला एक आकडा,
किराण्याच्या वहीत, मागच्या पानावर.
आठला एकोणतीस. अकराला पस्तीस.
अडीचला एकेचाळीस. तीनला एकेचाळीस.
ठिपके जोडले. स्पर्शिकेसाठी मी फूटपट्टी दिली.
ती तिरपी तिरपी चढत गेली
आणि पावणेतीनला आडवी झाली.
इथे चढ शून्य, मी म्हटलं.
ती म्हणाली, इथे अम्मी म्हणते, बस, आता आणखी नाही.
थर्मामीटर बघून?
नाही मॅडम. मानेवरून कळतं तिला.

वक्राखालचे चौकोन आम्ही पेन्सिलीने मोजले,
अर्धेमुर्धे जोडून पूर्ण केले.
याला संकलन म्हणतात, मी म्हटलं,
आणि शिलाई मशीनवर वाकलेल्या त्या मानेला
दिवसभरात किती लागलं
ते एका आकड्यात लिहून दिलं.
आकडा बरोबर होता. मला तो आवडला नाही.

पुढच्या मंगळवारी मॅट्रिक्स.
एक खोली, एक ओळ. आपापलं घर मांडा.
कौमुदीचं पाच बाय पाच, बाल्कनी धरून सहा.
ग्लेनचं वसईचं, ओटी-माजघर सगळं मिळून आठ;
विहीर घेऊ का, असंही त्याने विचारलं.
तबस्सुमच्या कागदावर एकच चौकट, आत एक आकडा.
माझी एक बाय एक, मॅडम. म्हणजे साधा भागाकारच.

वर्गात फक्त पंखा वाजत होता.
इतक्या वर्षांत या वाक्याला उत्तर तयार ठेवायचं
मला सुचलं नव्हतं.

मग तिनेच विचारलं,
शेजारच्या खारीवाल्यांची भट्टी कुठे लिहू?
भिंत एकच आहे आमची. अर्ध्या विटेची.

मग ते दोन झाले.
त्यांच्या पलीकडे जरीवाले, तीन.
गल्लीत अशा सतरा खोल्या, ओळीने.
फळा पुरेना, कागदाला कागद चिकटवले.
कर्णावर आकडे, कर्णाच्या दोन्ही अंगांना आकडे,
बाकी सगळी शून्यं.
शून्य म्हणजे भिंत सामाईक नाही.
शून्य म्हणजे तुमची चूल मला थेट लागत नाही.

थेट.
पण व्यस्त मॅट्रिक्स काढली
तर तिच्यात एकही शून्य उरलं नव्हतं.
पहिल्या खोलीतला स्टोव्ह
सतराव्या खोलीत पोचला होता,
सहाव्या दशांश स्थळावर का होईना, पोचला होता.
मला माझा अकरावा मजला आठवला,
दोन सामाईक भिंती,
आणि तिकडचं कुणाचंच नाव मला सांगता आलं नसतं.

सव्वापाच. बाकीचे चहाला गेले.
ती थांबली, कागद गुंडाळत.
बाहेरचं ऊन कुठे येतं यात?
उजवीकडे, मी म्हटलं, बरोबरच्या चिन्हापलीकडे.
ते दिलेलं असतं. आपल्याला बदलता येत नाही.
आणि पत्रा?

पत्रा दोन्हीकडे येतो, मी म्हटलं.
कर्णावरही, उजवीकडेही.
मग जरा थांबून,
पण तो दिलेला नसतो.

तिने गुंडाळी पुन्हा उघडली
आणि खोडरबर मागितलं.