कट-ऑफ

पारोळ्याला, हायवेच्या कडेला माझं दुकान.
जुन्या सायकलींना मोटर बसवून देतो.
गिऱ्हाईक आलं की आधी आकडे सांगतो:
अडीचशे वॅट, तासाला पंचवीस, एका चार्जिंगला तीस किलोमीटर,
आणि शेवटी, विड्यावर लवंग टोचावी तसं,
"पायांना कामच नाही."

कोकिळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.
डावा हात पदराखाली.
म्हणाल्या, "पयस ते समदंच, भाऊ.
थांबस का?"

मग पदर सरला.
अंगठा होता. करंगळी होती.
मधल्या तिघींची जागा
शिवलेल्या गोणीच्या तोंडासारखी.

मी विचारलं नाही.
त्यांनीच सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं:
जिनिंग, रात्रपाळी, रोलरमध्ये अडकलेली सरकी.
"बंद करानं बटन भीतवर व्हतं. बारा पाऊल."

त्या गेल्यावर मोजून पाहिलं.
माझ्या बाकड्यापासून बारा पावलं
थेट चहाच्या टपरीपर्यंत जातात.

आठ दिवस सायकल माझ्याकडे होती.
मुठीत फिरवायचा थ्रॉटल काढला,
अंगठ्याने दाबायचा लावला, डावीकडे;
अंगठा उचलला की मोटर गप्प.
दोन्ही ब्रेक उजव्या लीव्हरवर घेतले,
पुढची वायर जरा सैल,
म्हणजे मागचं चाक आधी धरेल
आणि बाई हँडलवरून उडणार नाहीत.
डाव्या मुठीवर जुनी ट्यूब गुंडाळली, जाड, तळवा टेकायला.
मागच्या चाकाला साडीसाठी जाळी.
घंटी करंगळीला दिली.
तिला इतक्या वर्षांत कुणी काम दिलं नव्हतं.

बसवून पाहिलं. पाय नीट टेकेनात.
"सीट दोन बोटं खाली घेतो," म्हणालो
आणि जीभ चावली.
त्या हसल्या. "तीन घे, तीन."

राहिला कट-ऑफ.
लीव्हर जरा हलला की ब्रेक लागायच्या आत
मोटरचा करंट तोडणारी
केसासारखी बारीक वायर.
पंधरा मिनिटांचं काम.
ती जोडताना हात थांबला.

कारण ती पंधरा मिनिटं
मी बऱ्याच सायकलींवर वाचवली होती.
दोन्ही टोकं टेपने गुंडाळून हँडलखाली दडवलेली.
ब्रेक लागतोच की.
मोटर थोडी ओढते, पण ब्रेक जिंकतो.
आतापर्यंत जिंकलाय.

चाचणी बोरीकडच्या रस्त्याला.
वैशाखातली सकाळ, सहालाच लोखंड कोमट.
बाई वेग घेईनात.
दहा हात जायचं, थांबायचं.
मागे बघायचं नाही, फक्त चाकाकडे.
पुन्हा दहा हात.
मी चौदा मोजले.
केळीचा ट्रक गेला, धूळ बसली,
पंधराव्यांदा त्या थांबल्या नाहीत.
वळणाच्या बाभळीआड गेल्या,
आणि तिकडून एकदाच
करंगळीचा आवाज आला.

दुकानात येऊन बिलबुक उघडलं.
मागे मागे जात नावं काढली. एकवीस.
दोघांचे नंबर बंद. एक सुरतेला गेलेला.
त्यालाही निरोप धाडला.

पहिला आला हिलाल दूधवाला,
दोन्ही बाजूंना भरलेल्या कॅन.
"झकास पळतेय, दादा. कशाला खोलतो?
काय बिघडलंय?"
मी सायकल स्टँडवर घेतली,
टेपचं टोक नखाने शोधायला लागलो.
चिकटा वितळून काळा झालेला, सुटता सुटेना.

"बस पंधरा मिनिटं," म्हणालो, "चहा सांगतो,"
आणि टपरीकडे हाक मारली.
पोऱ्याने वळून पाहिलं नाही.
बारा पावलं आहेत.
दोनदा ओरडावं लागतं.