पडल्याचा रकाना

उद्यमनगर, शेड नंबर अडतीस.
हिंदुराव मेथे मेस्त्रींच्या लेथवर
कॅलेंडरच्या मागं एक वही खोचलेली असायची,
लाल कापडी पुठ्ठ्याची, खतावणीची.
जमा-नावेच्या रेघांवर त्यांनी दुसरंच मांडलेलं:
नाव. सोडला कधी. जवळचं टोक, लांबचं टोक.
एका फेऱ्याला मिनिटं किती.
शेवटचा रकाना: पडला.

पहिल्याच ओळीत पहिला.
चार ऑक्टोबर सत्तावन्न. शहाण्णव मिनिटं.
पडला: चार जानेवारी.
शेरा, पेन्सिलीनं: "काम चोख. घेर फार खाली."

सातवी शिकलेला माणूस.
रविवारी नगरवाचन मंदिरात जाऊन
जुन्या मासिकांतले आकडे सिगारेटच्या पाकिटावर उतरवून आणायचा.

मी चौदा वर्षांचा, बिडाचा कीस झाडायला होतो.
"वर वारं न्हाई म्हणत्यात," मेस्त्री सांगायचे,
"पर हाय, लई पातळ हाय.
फेऱ्याला केसभर खातंय.
आपला शेटजी पगारातनं खातोय न्हवं, तसंच.
कळत न्हाई. आन् एक दिवस खाली."

एकोणऐंशीच्या जुलैत स्कायलॅब येणार म्हणून
शेजारच्या भूपाल मगदूमनं उधारी मागायची सोडली,
बायकोला नवं लुगडं घेतलं,
दोन दिवस रोज मटण.
मेस्त्रींनी फरशीवर खडूनं गोल काढला,
त्याच्याभोवती तिरकी रेघ, पुन्हा रेघ, पुन्हा.
"ह्यातली कंची आपल्यावरनं जाती बघ.
आन् त्या टायमाला कोल्हापूर कुठं आसंल, त्ये बी बघ."
मला काही दिसलं नाही. भूपालला तर नाहीच.
वहीत नंतर एवढंच: "अकरा जुलै. परक्याच्या रानात."
तेराव्या तारखेला भूपाल
वसुलीला सायकल घेऊन बाहेर पडला.

आर्यभट्टाच्या ओळीला मात्र दोन शाया.
एकोणीस एप्रिल पंच्याहत्तर, निळी.
त्याखाली काळी: "पाचव्या दिवशी आतली वीज बिघडली. फिरतोय."
आमच्याकडंही वीज जायची, दुपारी, न सांगता.
पट्टा सैल पडायचा, पण चक फिरतच राहायचा,
हळू, आणखी हळू, जॉब दातांत धरून.
मी हात लावायला गेलो की ओरडायचे,
"ऱ्हाऊ दे. त्येचं त्येला थांबू दे."
आम्ही दोघं उभे राहून बघायचो.

सतरा वर्षं तो तसाच फिरला.
ब्याण्णवच्या फेब्रुवारीत पडला,
मेस्त्रींना कळलं मे महिन्यात.
त्या दिवशी चहा त्यांनी बशीत ओतला
आणि तसाच ठेवला.
"तीन म्हैनं," म्हणाले, "मी उगंच वर बघत हुतो."

सीपीआरमध्ये त्यांच्या उशाशी बसलो होतो
तेव्हा वहीचं काही बोलले नाहीत.
डाव्या हाताच्या बोटांनी चादरीचा काठ मोजत होते,
किती थाऊ, कुणास ठाऊक.
पोरं वही रद्दीत घालणार होती.
किलोचा भाव देऊन मी आणली.

आता माझ्याकडं सीएनसी.
वीज गेली की जागच्या जागी थांबतं,
फिरून घेणं वगैरे काही नाही.
आता एका खेपेला साठ-साठ सोडतात,
रंकाळ्यावर एकदा ओळीनं जाताना बघितले,
लोक मक्याची कणसं खायची थांबली.
एवढ्यांना रेघा कुठनं आणू?
भाचा म्हणतो, मोबाईलवर सगळं असतं, मामा.
असतं. मी कुठं नाही म्हणतोय.

पण पहिल्याच पानावर, खालून तिसरी ओळ,
सतरा मार्च अठ्ठावन्न, अमेरिकेचा,
नारळाएवढा गोळा.
बोलायचा चौसष्टातच बंद झालेला.
लांबचं टोक इतकं लांब
की वाऱ्याला तो सापडतच नाही नीट.
शेवटचा रकाना मोकळा.
भाचा विचारतो, हा कधी पडणार?
माझ्या हयातीत नाही. तुझ्याही नाही.

तेवढ्याच मोकळ्या जागेत
मेस्त्रींच्या अंगठ्याचा तेलकट ठसा आहे,
रेषा मोजता येतील इतका साफ.
बहुतेक पान उलटताना लागला असावा.