काट्याची वही, धरणगाव

जिन बंद पडली त्या साली
भंगारवाल्याच्या हातगाडीवरून एक वही मी दहा रुपयांत सोडवली.
सन १९११. मापाडी भिला उखाजी. अक्षर जाड,
मोडीची सवय न सुटलेलं.
खंडी, मण, शेर, बारदानाची तूट.
आणि फाल्गुनात एका समासात, आडवं:
"जपानी साहेब आज बापाविषयी बोलला."

एवढंच. खाली पुन्हा गाठी.

साहेबाचं नाव भिलाने तीन तऱ्हांनी लिहिलंय,
मिनोदा, मिनुदा, आणि चैत्रापासून
मिनूभाऊ.
काम रुईची पारख. चिमटीत पुंजका धरायचा,
हलकेच ओढायचा, धाग्याची लांबी
काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून बघायची.
बाप, म्हणे, रंगरूट असेच बघायचा.

बाप जनरल. पण आधी
कुण्या सरदाराच्या देवडीवर पहारेकरी,
कमरेला दोन तलवारी, पगार तांदळात.
मग राज्य पालटलं, पगार नाण्यात आला
आणि शेंडी कापायचा हुकूम.
(भिला: "शेंडी त्यांच्यातही.")
नव्या फौजेत कप्तान झाला तेव्हा
बूट परदेशी, मापाचे नव्हते,
आत भाताचा पेंढा कोंबून चालायचा.
पहिली लढाई आपल्याच जुन्या मुलखावर.
समोरच्या टेकाडावर होता तो माणूस
ज्याने त्याचा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं.
तो कुणाच्या गोळीने पडला
हे बापाने विचारलं नाही.
बढती झाली.

फ्रेंच मास्तर गेले, जर्मन मास्तर आले,
शिकलेली कवायत विसरून पुन्हा शिकावी लागली.
चीनच्या थंडीत डाव्या पायाची दोन बोटं गेली.
बढती.
मग रशियाशी. एक टेकडी, नाव नव्हतं, नंबर होता.
सकाळी नऊशे माणूस वर पाठवला,
दुपारी सहाशे,
दिवेलागणीला उरलं ते.
टेकडी मिळाली.
छातीवर इतकं पितळ चढलं
की कोट उतरवायला दोन गडी लागत.

वैशाखातलं एक पान जवळजवळ सगळं गप्पांचंच.
"बाप आते काय करस?"
"काही नही. बागमा बसस. मोजत ऱ्हास."
"काय मोजस?"
"ते माले बी सांगत नही."
साहेब खरंच असं बोलला असेल का?
की जपानचं दुःख
भिलाच्या कानापर्यंत येईस्तोवर अहिराणी झालं?

एकदा त्याने विचारलं, एवढी रुई जाते कुठे?
साहेब म्हणाला, अंगरखे. रजया. जखमेवरचे फाये.
आणि थोडी तेजाबात बुडवतात,
तिची बंदुकीची दारू होते. धूर न होणारी.
आखूड धागा त्याला चालतो.
आमचा धागा आखूडच.
त्या दिवशी भिलाने दोनशे बारा गाठी
दोनदा तोलल्या. दुसऱ्या तोलाचे आकडे
पहिल्याशेजारी मांडलेत, शेराचाही फरक नाही.
हमालांनी शिव्या घातल्या असतील,
त्या त्याने लिहिल्या नाहीत.

आषाढात तार आली. साहेब भुसावळच्या गाडीने गेला,
पारखीची कात्री आणि काळा कोट इथेच ठेवून.
दुसऱ्या दिवशी ऐन कामात भिलाने काटा थांबवला.
कुणासाठी, हे कुणाला सांगितलं नाही.
तीस-बत्तीस माणसं सरकीच्या ढिगाशी उभी,
कोणी विडी पेटवली असेल, कोणी आळस दिला असेल,
धरणगावात एका जनरलचं सुतक
असं, न कळता, पाळलं गेलं.

शेठजींनी पैसे कापले. वहीत नोंद आहे:
"वजा, पाव तास. कारण"
आणि पुढे काहीतरी लिहून खोडलेलं.
पान उजेडाला धरलं की
नऊशेसारखं दिसतं.
कधी नुसता शाईचा डाग.