वारसनोंद

बाबांनी मागे ठेवलं ते इतकंच:
एक बंद पडलेलं एचएमटी घड्याळ,
गेट्सहेडमधल्या दुकानाचं अर्धं कर्ज
आणि एका अक्षराची चूक असलेलं जनुक.
घड्याळ मुकुलनं घेतलं. कर्ज आईनं फेडलं.
जनुकाची वाटणी तेवढी भांडण न होता झाली,
दोघांना सारखी.

चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले ते.
आतड्याचं नाव घरात निघत नसे.
"पोटाचं काहीतरी" म्हणायचो,
जणू कुठलंसं जेवण बाधलं होतं.

डोरीन नर्स मला "पेट" म्हणते.
इथल्या बोलीत ते म्हणजे "बाळा".
पहिल्या दिवशी मला "पोट" ऐकू आलं
आणि वाटलं, चला, हिला सगळं ठाऊक आहे.

निम्म्यांना औषध, ती म्हणाली, निम्म्यांना नुसती गोळी.
कुणाला काय, ते मलाही माहीत नाही.
मी तेरा पानांखाली सही केली.

मग रोज सकाळी सिंकपाशी उभी.
उन्हाळ्यात पुलाच्या कमानीवर किटीवेक
स्वतःचंच नाव घेऊन ओरडायचे.
मुकुलचा फोन: "काय गं, औषध की खडू?"
मी गोळी जिभेवर धरून बघायची,
आई वरणातलं मीठ बघायची तशी.

दर सहा महिन्यांनी डोरीन उरलेल्या गोळ्या मोजायची
निळ्या ट्रेमध्ये, पाच-पाचचे ढीग करून.
एकदा अकरा जास्त निघाल्या.
"विसरले," म्हणाले.
खरं तर ते अकरा दिवस
मला कुणाचीच मुलगी व्हायचं नव्हतं.
तिनं अकरा लिहिलं. बोलली काही नाही.

आठ वर्षांनी पाकीट आलं.
औषधात फरक दिसला होता.
मुकुलला औषध. मला खडू.
त्या रात्री भांडी जरा जोरात घासली.
आठ वर्षं मी निष्ठेनं
काहीच नव्हतं गिळलं.

"तुमच्यावाचून कळलंच नसतं, पेट,"
डोरीन फोनवर म्हणाली.
बरोबर आहे. फळ्यावर उत्तर खडूनंच लिहितात.
ही मनाची समजूत आहे, तेही कळतं मला.
पण आठवड्यातून दोनदा पटते.

काल ऋता रक्त देऊन आली. एकोणीस वर्षांची.
निकाल तीन आठवड्यांनी.
जुन्या बाटल्यांपैकी एकीत मोहरी आहे, एकीत लवंगा.
तिसरी धुऊन
ओट्यावर उपडी घातलीय,
लागलीच तर.