कडता

जानेवारीत सास्काटूनला सकाळी सहालाही रात्रच असते.
उणे एकतीस. शाळेच्या बसचा हीटर प्लगमधून उपसताना
हातमोज्याला बर्फाची पापडी चिकटते.
इंजिन सुरू केलं की काचा निवळेपर्यंतची
वीस मिनिटं माझी.
त्या वीस मिनिटांत यंदा मी
एक चार पानी कागद वाचते आहे,
बँकेतल्या मुलाने दिलेला.

मुलगा चांगला आहे. कीगन.
माझ्याच बसने जायचा, तिसऱ्या बाकावर,
रोज टोपी विसरायचा.
आता टाय लावून म्हणतो,
"मिस ओरिसिया, फीची काळजी नको.
तुम्हाला कधी बिलच येणार नाही."

बिलच येणार नाही.
हे वाक्य खिशात घालून घरी आले
आणि ते रात्रभर टोचत राहिलं,
शिवणीत राहून गेलेल्या सुईसारखं.

माझे तातो कॅनोराच्या धान्यकोठारात काट्यावर होते.
ट्रक चढायचा, काटा डुलायचा, मग थांबायचा.
तातो ओंजळभर गहू चाळणीत हलवायचे,
कोंडा, रानमोहरी, काड्या,
आणि वजनातून तेवढा कडता कापायचे.
गहू आणणारे गव्हाकडे बघतच नसत,
तातोंच्या अंगठ्याकडे बघत.
म्हणून ते दोन्ही हात पाठीशी बांधून काटा वाचायचे.
"कापा," म्हणायचे, "पण मोठ्यानं सांगून कापा.
मापात पाप असतं ते न बोललेल्या आकड्यात."

तिसऱ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
एक पूर्णांक चौऱ्याण्णव शतांश टक्के.
एवढंच?
शंभरातले दोन डॉलर. धड कॉफीसुद्धा येत नाही.

पण गव्हाला कडता एकदाच.
हा दरवर्षी, अख्ख्या राशीला,
वाढलेल्या दाण्याला, न वाढलेल्या दाण्याला,
बियाण्यालाही.
आणि तोही रोज चिमूटभर,
फळ्यावर भाव लिहिण्याआधीच.
बिल कशाला येईल?

हजेरीच्या कागदामागे हिशेब मांडला.
दहा हजार. पंचवीस वर्षं. सहा टक्के
(कोण देणार आहे सहा? पण धरून चालू).
कीगनचा फंड: सत्तावीस हजार.
बाजार जिकडे जाईल तिकडे मुकाट चालणारा
इंडेक्स फंड, शेकड्याला वीस सेंट घेणारा:
एकेचाळीसला थोडे कमी.
मधले चौदा हजार कुणी चोरले नसते.
सही माझीच असती.

मग मी शहाणी झाले.
फोनवर खातं उघडलं, स्वस्त फंड शोधला,
पन्नास डॉलरचा पहिला सौदा टाकला.
बोट थरथरलं. थंडीनं, म्हणू या.
खाली एक ओळ उमटली:
दलाली, नऊ डॉलर पंच्याण्णव सेंट.

पाचवा हिस्सा!
दोन टक्क्यांना नाक मुरडणारी मी
वीस टक्के देऊन बसले, अंगठ्याच्या एका दाबानं.
माझ्याच अंगठ्याच्या.
रिकाम्या बसमध्ये एकटीच हसत सुटले,
निवळलेली काच पुन्हा धुरकटली.

शुक्रवारी बँकेत गेले. कीगनला म्हटलं, तिसरं पान उघड.
त्याने उघडलं. वाचलं. कान लाल झाले,
टोपी विसरल्यावर व्हायचे तसे.
"माझेही पैसे ह्यातच आहेत," म्हणाला,
आणि पान परत मिटायचं विसरला.

आता पन्नास-पन्नास साठू देते,
सहा महिन्यांनी एकदाच घेते.
तीनशेवर दहा म्हणजे अजूनही सव्वातीन टक्के,
पण ते एकदाच, आणि मला माहीत असलेले.
कुणीसं सांगितलं, एक दुकान आहे
जिथे दलाली अजिबात नाही.
बघून आले. खरंच नाही.
मग ते कुठे कापतात?

अजून सापडलेलं नाही.
चौथं पान वाचते आहे.