दुखण्याचा प्रकार

बांबोळीच्या हॉस्पिटलात, तेरा नंबरच्या खिडकीशी
मी लोकांचे फॉर्म भरून देते.
फॉर्म इंग्रजी. लोक पेडण्याचे, काणकोणचे, सत्तरीचे.
नाव, गाव, वय, इथवर सुरळीत जातं,
मग येतो तो रकाना : दुखण्याचा प्रकार.
समोर सहा चौकटी. चौथी, थ्रॉबिंग.

डिक्शनरी मी दोनदा पाहिली आहे.
धडधडणे. ठणकणे. स्पंदन पावणे.
तिघांची एकमेकांशी ओळख नाही.
धडधडतं ते काळीज,
शेवटची बस आपल्याला सोडून पुलावर चढते तेव्हा.
ठणकते ती दाढ, रात्री दोनला,
घरात दुसरं कुणीच जागं नसताना.
आणि स्पंदन? ते पावलेलं माणूस
या खिडकीवर अजून आलेलं नाही.

कुटबणच्या जेटीवरचा इनास एकदा म्हणाला,
ट्रॉलरचं इंजीन बंद केलं तरी
तळपायांत चालूच राहतं,
घरी, खाटेवर, आठवडाभर.
बायको म्हणते पाय हलवू नको,
आणि पाय तर हलतच नसतात.
हे दुखणं धरायचं का, त्याने मलाच विचारलं.
मी चौथ्या चौकटीत खूण केली,
खोडली,
पुन्हा केली.

आज खुशाली आला, केरीचा, सत्तरीचा पलीकडला.
उजव्या हाताची अनामिका
पिकल्या रातांब्यासारखी,
नखाच्या कडेला पिवळी रेघ.
"कसं दुखतं?"
"उडटा, बाये."
आणि डाव्या हाताने टेबलाच्या पत्र्यावर
वाजवूनच दाखवलं त्याने :
एक जड, दोन हलके, मग रिकामी जागा,
त्या जागेत सगळ्या रांगेने धरलेला श्वास.
घुमटावर पन्नास वर्षं पडलेला हात तो.
मागे कुणीतरी मान डोलावली,
कुणाच्या तरी सलाईनची बाटली हलली.
चवथीला बारा दिवस.
"ही नाडीच, बाये. बोटात आली म्हणून ऐकू येते.
एरवी तिला कोण विचारतो?"

मी पेन उचललं, आणि ते तसंच राहिलं.

सात वर्षांपूर्वी, याच इमारतीतून
मी रिकाम्या हातांनी घरी गेले होते.
तिसऱ्या दिवशी दूध आलं.
छातीला कुणी सांगितलंच नव्हतं.
दर ठोक्याला ती विचारायची, कुठाय,
आणि घरात सगळे हळू बोलायचे,
भांडीसुद्धा.
सासूने एक शब्द न काढता
कुंपणावरच्या जायांच्या कळ्या खुडल्या,
ओल्या पंचात घालून माझ्या छातीवर बांधल्या,
दूध सुकावं म्हणून.
कळ्या माझ्या अंगावर फुलायच्या, तपकिरी व्हायच्या,
ती बदलायची.
पाचव्या रात्री ठणका थांबला.
मी मुलासाठी रडले नव्हते तेवढी
त्या थांबण्यासाठी रडले.
माझा फॉर्म तेव्हा कुणी भरला,
कुठल्या चौकटीत खूण केली, ठाऊक नाही.
जायांचा वास मला अजून
फक्त एकाच बाजूने येतो.

"शाई संपली गो?" खुशाली म्हणाला.
संपली नव्हती. चौथ्या चौकटीत खूण केली.

तासाभराने तो बाहेर आला,
पांढरं पागोटं बांधलेलं बोट उंच धरून.
"गप्प झालं," म्हणाला, जरा नाराजच.
मग हवेतच घुमट कुशीत घेऊन
हात उलटे करून दाखवले :
यंदा डाव्याने वाजवीन,
उजव्याने मागचं तोंड झाकीन.
"थोडं चुकेल. गणपती ऐकून घेईल.
शामेळवाला नाही घ्यायचा."

जिन्यापर्यंत तो मोजत गेला,
एक जड, दोन हलके,
आणि रिकाम्या जागी पाऊलच टाकलं नाही त्याने.

खिडकीत पुढची बाई उभी.
नाव? गाव?